ऑटोवर ठेवलेली गाणी

सुपडूनाना कुठल्याही चालत्या यंत्राजवळ गेले की खिशातला लांब पेचकस काढायचे, त्याचं टोक यंत्राच्या अंगाला टेकवायचे आणि लाकडी मूठ कानाशी दाबून डोळे मिटायचे. मग ते एक वार सांगायचे. मी हे पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या लॅबमध्ये. लोणखेड्याच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटरची लॅब सांभाळते. नाना कॉलेजच्या बोअरची मोटार काढायला आले होते. पाणी प्यायला आत आले आणि कोपऱ्यातल्या यूपीएसपाशी थबकले. पेचकस लावला, ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, हाई शनवारले बंद पडी."

मला हसू आलं. यूपीएसची तपासणी नुकतीच झाली होती आणि सगळं ठीक असल्याचा कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता. शनिवारी प्रॅक्टिकल चालू असताना त्यातून धूर निघाला. मला राग आला तो नानांचा, यूपीएसचा नाही. आपल्याला नको असलेलं खरं कुणी आधी सांगून ठेवलं की त्या माणसाचाच राग येतो, निदान मला तरी येतो.

ब्राह्मणपुरीत रस्त्याला लागून त्यांचं मोटार भरायचं दुकान होतं. जळालेल्या मोटारीतली तार उसवून काढायची, नवी भरायची, वार्निश करायचं आणि मोटार दिवसभर चालवून बघायची, हे त्यांचं काम. केळीवाले, पपईवाले, ऊसवाले सगळे त्यांच्याकडेच यायचे, पण भीत भीत. मोटार ठेवली की आधी विनवणी, "नाना, भरी द्या, पन दिस नका सांगा." नाना शांतपणे म्हणायचे, "मी सांगत नही, बेरिंग सांगस." आणि सांगायचेच. एका बाईने तर त्यांना घरातल्या मिक्सरजवळसुद्धा जाऊ दिलं नव्हतं. गावाने त्यांना मान पुष्कळ दिला, पण लग्नाच्या मांडवात जनरेटरजवळची खुर्ची कधी दिली नाही.

या माणसाला गाण्यांचा नाद होता, यावर माझा आधी विश्वास बसेना. मोलगीच्या बाजारापासून तापीकाठच्या गावांपर्यंत, जिथे म्हणून मोटार बसवायला गेले तिथली गाणी त्यांनी कॅसेटवर भरून आणली होती. श्रावणातल्या कानबाईची, होळीची, जात्यावरची. पुढे ती सगळी कॉम्प्युटरवर घेतली. त्यांची बायको, वेणूमावशी, स्वतः नावाजलेली गाणारी. नवरदेवाला तेल चढवताना बायका जी गाणी म्हणतात ती त्यांना तोंडपाठ होती, आणि त्यांच्याशिवाय गावातल्या कुठल्याही घरची हळद पुरी होत नसे. एका दिवाळीनंतर नानांनी बाकीची गाणी गोळा करणं सोडून दिलं आणि रोज दुपारी फक्त वेणूमावशींचं गाणं भरून घ्यायला लागले. दुकानाच्या मागच्या खोलीत मावशी शेंगा फोडत बसायच्या, मध्ये रेकॉर्डर असायचा आणि पुढे कुणाची तरी मोटार चाचणीला घूंऽऽ करत असायची.

"इथे भरू नका हो, मोटारीचा आवाज येतो मागे," मी एकदा म्हटलं.

"येऊ द्या," नाना म्हणाले. "तो बी आमनाच आवाज शे."

मावशी हसल्या. "मॅडम, हाऊ मानूस आते म्हतारपनात मन्हा आवाजले भुलना." मला ते फार गोड वाटलं. मी घरी येऊन नवऱ्याला ऐकवलंसुद्धा की बघा, याला म्हणतात प्रेम. पुढच्या पावसाळ्याआधीच वेणूमावशी गेल्या. हृदयाची झडप खराब होती. तेराव्याला नाना मला दुकानात घेऊन गेले आणि दार लोटून म्हणाले, "दिवाईले ती झोपेल व्हती. मी तिन्ही छातीले कान लाया. बेरिंग घासी ऱ्हायनी व्हती, मॅडम. नंदुरबारले डॉक्टरनी बी तेच सांगं. आपरेशन झेपणार नही, म्हने. मी तिले सांगं, तुले अॅसिडिटी शे." मग जणू माझ्याकडून शिक्का मारून हवा असल्यासारखे म्हणाले, "तिले शेवटलोंग काहीच मालूम नव्हतं."

मी मान हलवली. एवढं एकच सुख त्यांच्यापाशी उरलं होतं, ते मी कशाला काढून घेऊ.

वर्षभरात दुसरा घाव बसला. नाना माझ्याशी बोलताना ओठांकडे बघायला लागले. शहाद्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आयुष्यभर ग्राइंडरशेजारी बसून कान गेले आहेत. बारीक, उंच आवाज आधी जातात, जाड आवाज शेवटपर्यंत राहतात. कानाचं यंत्र लावून पाहिलं, तर त्यात भांड्यांचा खणखणाट तेवढा वाढला. नाना लॅबमध्ये आले आणि खुर्चीत न बसताच म्हणाले, "मोटार ऐकू येस. योगेशनी माय ऐकू येत नही." योगेश त्यांचा मुलगा, सुरतेला नोकरीला; योगेशनी माय म्हणजे वेणूमावशी.

वेणूमावशींची दोनशेच्या वर गाणी होती. ती सगळी, कान पूर्ण जाण्याआधी, एकदा ऐकायची, एवढंच नानांना हवं होतं. मी आवाज थोडा जाड करणारा एक प्रोग्राम शोधला. तो माझ्या लॅबमधल्या लिनक्सच्या मशीनवर चालायचा. दुकानात त्यांचा जुना कॉम्प्युटर विंडोजचा. घरी योगेशने दिलेलं मॅक. तीन मशीन तीन तऱ्हांची, आणि प्रत्येकात गाण्यांचा वेगळा ढीग. दुकानात केलेली यादी घरी उघडायची नाही. लॅबमध्ये सुधारलेलं गाणं दुकानात पोचायचं नाही. नाना जुनंच गाणं लावून कान दाबून बसायचे आणि ऐकू येत नाही म्हणून घाबरे व्हायचे. मी बाह्या सरसावल्या. तिन्ही मशीनना वाचता-लिहिता येईल अशी एक डिस्क तयार केली, सगळी गाणी तिच्यात एका ठिकाणी आणली, कुठल्याही मशीनवर चालेल अशी यादी केली. आणि गोंधळ नको म्हणून बाकीच्या प्रती पुसून टाकल्या.

नानांना ते आवडलं नाही. "एक मोटारवर तीन वावर नका ठेवा मॅडम. मोटार गयी तं तीनी वावर कोरडा."

"दुसरी डिस्क मागवलीय. आली की तिच्यात प्रत काढते," मी म्हटलं. "तोवर हिला काही होत नाही. ऐका हवं तर."

त्यांनी पेचकस लावून डिस्क ऐकली. बराच वेळ ऐकली. "आवाज चांगला शे," असं म्हणाले तेव्हा मला यूपीएसचा बदला घेतल्यासारखं वाटलं. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

आता नानांची एक खोड सांगायला हवी, आणि ती मला तेव्हाही ठाऊक होती. आमच्याकडे शेतीची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. म्हणून विहिरीवरच्या स्टार्टरला 'ऑटो' लावून ठेवतात. वीज गेली की मोटार थांबते, आली की आपली आपण सुरू होते. नानांनी दुकानातल्या कॉम्प्युटरलाही तीच शिस्त लावली होती. वीज गेली की शेजारच्या बॅटरीच्या जोरावर तो झोपी जायचा आणि वीज आली की जागा होऊन अर्धवट राहिलेलं गाणं तिथून पुढे म्हणायचा. 'बंद करणं' हा प्रकारच त्यांना मान्य नव्हता. हे मोठ्या अभिमानाने त्यांनी मला दाखवलं होतं आणि मी कौतुकही केलं होतं. झोपलेलं मशीन डिस्कचा नकाशा डोक्यात धरून झोपतं, हे मी मुलांना दरवर्षी शिकवते.

दुसरी डिस्क अजून यायची होती. त्या दुपारी दुकानात वीज नव्हती. पडदा काळा होता, म्हणजे कॉम्प्युटर बंद आहे असं मी धरून चालले. घाईत होते, डिस्क उपसली, लॅबमध्ये नेली, जोडली. काळ्या खिडकीत एक ओळ आली की ही डिस्क मागच्या वेळी नीट बंद केलेली नाही, तपासून घ्या. मुलांच्या पेन ड्राइव्हवर ही ओळ मी शेकडो वेळा पाहिली आहे आणि शेकडो वेळा दुर्लक्ष केलं आहे. मी बसून सगळी गाणी जाड आवाजात करून घेतली, नवी नावं दिली, नीट खणांत लावली. संध्याकाळी डिस्क दुकानात नेऊन होती तिथे जोडली. थोड्या वेळाने वीज आली. बाहेरच्या मोटारी घूं करत उठल्या आणि त्यांच्याबरोबर कॉम्प्युटरही उठला.

वाटणी होऊन गेलेल्या शेतात कुणी जुना सातबारा घेऊन नांगर घालावा, तसं झालं. मी केलेल्या नव्या मांडणीवर जाग्या झालेल्या कॉम्प्युटरने आपल्या डोक्यातली जुनी मांडणी लिहून टाकली. पडद्यावर गाण्यांची नावं दिसत होती. नानांनी पहिलं लावलं, खरखर आली. दुसरं लागलंच नाही. मी घाईने डिस्क काढून पुन्हा जोडली, तर यादी रिकामी.

नानांनी पेचकस काढून डिस्कला लावला, डोळे मिटले. "हाई तं निरोगी शे," ते म्हणाले. "मंग मरनं काय?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्यांना ऐकू जाण्यासारखं नव्हतं. मी एका पाठकोऱ्या कागदावर लिहिलं, 'चूक माझी आहे. मशीनची नाही.' त्यांनी वाचलं आणि कागद मला परत दिला. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर आमचं सगळं बोलणं कागदावरच झालं. कॉलेजच्या जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर मी लिहायचे आणि ते तोंडाने उत्तर द्यायचे.

डिस्कवर कुणाला काही लिहू न देता मी लॅबमधल्या मशीनवर ती कण कण वाचून काढली. तीन आठवडे लागले. गाणी सापडली, बरीचशी, पण नावं गेली होती. नुसते आकडे. काही मध्येच तुटलेली, काहींना डोकं नाही. कुठलं गाणं कोणतं हे फक्त नानाच सांगू शकले असते, आणि तेवढ्या दिवसांत त्यांना मावशींचा आवाज पुरता दिसेनासा झाला होता. आवाज दिसेनासा होतो का, असं कुणी विचारेल. नाना तसंच म्हणायचे, "ती दिसत नही आते गानामा."

मी रविवारी दुपारी लॅपटॉप आणि स्पीकर घेऊन ब्राह्मणपुरीला जायला लागले. पहिल्या दिवशी एक फाइल लावली आणि लिहिलं, 'मावशी गातायत. शब्द तुटके आहेत.' नानांनी स्पीकरच्या खोक्याला पेचकस टेकवला, मूठ कानाशी दाबली आणि एकदम म्हणाले, "हाई गनपतभाऊनी मोटार. पाच एचपीनी. एक बाजूले घासे ती. त्या दिन योगेशनी माय तेलनं गानं गाई व्हती, पयलं." मागची मोटार! जी मी काढून टाका म्हणत होते. मावशींचा आवाज त्यांच्यासाठी संपला होता, पण त्यामागची घूं त्यांना लख्ख ऐकू येत होती, आणि कुठली मोटार कुठल्या दुपारी चाचणीला होती हे त्यांना पक्कं आठवत होतं. त्यावरून ते गाणं सांगायचे. मी ऐकून पडताळायचे. एकदाही चुकले नाहीत. दर फाइलीनंतर एकच प्रश्न, "गाई ऱ्हायनी ना?" मी लिहायचे, 'हो.' मग ते मान हलवून पुढची लावायला सांगायचे.

असे रविवार जात राहिले. पितृपक्षाच्या सुमाराला मी एकदा ठरल्यापेक्षा लवकर पोचले. नाना दुकानात एकटे खाटेवर बसले होते. पेचकसाचं टोक त्यांनी स्वतःच्या बरगड्यांना टेकवलं होतं, मूठ कानाशी आणि डोळे मिटलेले. मला पाहिल्यावर चोरी पकडल्यासारखे हसले आणि पेचकस खिशात टाकला. मीही चेष्टेत लिहिलं, 'कोणता वार?'

"मी सांगत नही," ते म्हणाले. पुढचं नेहमीचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मीही विषय वाढवला नाही. एखादी गोष्ट कळलेली असूनही न कळल्यासारखं वागायला मी त्याच घरात शिकले होते.

त्या दिवशी अठ्ठावीस की एकोणतीस फाइली राहिल्या होत्या. त्यातली एक लांब होती. नानांनी मोटार ओळखली, गाणं सांगितलं, मी पडताळलं. गाणं संपलं तरी फाइल चालूच राहिली. बाहेर कुणीतरी ट्रॅक्टर थांबवला, नाना उठून गेल्याचा आवाज आला. रेकॉर्डर त्यांनी चालूच ठेवला होता, तोही ऑटोवर. शेंगा फुटत होत्या. मग वेणूमावशी बोलायला लागल्या, हळू, जवळ कुणी नाही हे बघून बोलतात तशा.

"हाऊ मानूस रोज दुपारले माले गानं गावाले लावस. अॅसिडिटीन्या गोया देस अन् मन्हाकडे देखत नही. मन्ही छाती शे, माले मालूम नही का? पन मी ईचारत नही. ईचारं तं त्याले सांगनं पडी." थोडा वेळ नुसती मोटार. "गाई लेस मी. तेवढाच त्याले धीर. चला, उना तो."

मी लॅपटॉप बंद करण्यासाठी हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. नानांनी पेचकस स्पीकरला लावलेलाच होता.

"आठे भायेर ट्रॅक्टर उनं," ते म्हणाले. "मी गयतू. गानं संपेल व्हतं. मंग ती काय बोलनी?"

मी लिहिलं, 'काही नाही.'

त्यांनी कागद वाचला नाही. माझ्या पेन धरलेल्या हाताकडे बघत राहिले. "मॅडम, तुम्हना हात हाली ऱ्हायना."

माझी एक चूक त्यांनी निमूट सोसली होती. आता खोटं सांगून त्यांच्या बायकोचं शेवटचं बोलणंही पुसून टाकायचं, एवढी छाती मला झाली नाही. मी फाइल मागे घेतली, पुन्हा लावली आणि मावशी जशा बोलल्या तसं, एकेक शब्द, मोठ्या अक्षरात लिहून काढलं. रडायला येत होतं, आणि अक्षर वाकडं जाऊ नये याचीच जास्त काळजी वाटत होती.

नानांनी तो कागद बोट फिरवत दोनदा वाचला. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला आणि तिसऱ्यांदा वाचला. "तिले मालूम व्हतं," ते म्हणाले. मला वाटलं, त्यांचं उरलंसुरलं सुख मीच मोडलं. पण त्यांचा चेहरा मोडलेल्या माणसाचा नव्हता. ओझ्याची दुसरी बाजू कुणीतरी धरून होतं, हे उशिरा कळलेल्या माणसासारखे ते बसले होते.

"हाई तीन ठिकाने ठेवा मॅडम," ते म्हणाले. "तीनी मशीनवर. दसरापहिले."

मी लिहिलं, 'दसऱ्याच्या आधीच का?'

त्यांनी कागदाची घडी केली, पेचकसाबरोबर खिशात ठेवली आणि पुढची फाइल लावायला सांगितली.

त्या आठवड्यात मी एवढी एकच फाइल नाही, सापडलेलं सगळं तिन्ही मशीनवर ठेवलं, वेगवेगळं, पूर्ण. दुकानातल्या कॉम्प्युटरचा ऑटो काढला. प्रत्येक मशीन नीट बंद केलं आणि आतला पंखा थांबेपर्यंत त्यावर हात ठेवून बसले. घटस्थापनेला नाना दुकानात आले होते. पाचव्या माळेला आले नाहीत.

दसऱ्याला मी ब्राह्मणपुरीला गेले. आपट्याची पानं घेतली नव्हती. सुतकाच्या घरी सोनं देत नाहीत. योगेशने दुकानाचं कुलूप काढलं. शेवटची भरलेली एक मोटार नानांनी चाचणीला लावून ठेवली होती, ती तशीच होती. आम्ही आत उभे असताना वीज आली आणि मोटार आपली आपण सुरू झाली. कुठेतरी बारीक घासत होती असं मला वाटलं. योगेशने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. तिला अजून किती दिवस आहेत हे सांगणारा माणूस आता नव्हता, आणि तिचा खटका बंद करायला आम्हा दोघांचाही हात पुढे होईना.